स्टायलचे घर आणि धर्मग्रामाची मुले

इंग्लंडात मँचेस्टर शहराच्या दक्षिणेस, चेशायर परगण्यात, स्टायल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे बॉलिन नदीच्या काठी क्वॉरी बँक नावाची सुताची जुनी गिरणी उभी आहे. गिरणीपासून थोडे दूर चढावावर गेले की चुन्याने रंगविलेले एक पांढरे घर लागते. १७९० साली ते बांधावयास सुमारे ३०० पौंड खर्च आला होता. भोवती भाज्यांचे वाफे आणि फळझाडे आहेत. पाहणाऱ्यास ते एखाद्या सुखवस्तू शेतकऱ्याचे घर वाटावे. परंतु येथे एका वेळी नव्वदपर्यंत मुले राहत, त्यांत मुलीच अधिक, आणि ती सारी गिरणीत कामाला जात. इंग्रजीत त्यांना ‘अप्रेंटिस’ म्हणत. आपल्या भाषेत उमेदवार.

हा उमेदवार शब्द मोठा बोलका आहे. आज तो ऐकताच निवडणूक आठवते. परंतु पुढे काही पदरात पडेल या उमेदीवर कचेरीत अथवा कारागिराकडे जो बिनपगारी राबे तो उमेदवार, हा त्याचा जुना अर्थ. स्टायलच्या मुलांना तो तंतोतंत लागू पडतो. फक्त उमेद नेमकी कोणाची होती, एवढाच प्रश्न उरतो, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

ग्रंथाचे परीक्षण करण्याची आम्हांस सवय आहे. घराचे परीक्षण हा तसा अपरिचित प्रकार. परंतु जतन केलेले घर ही आपोआप शिल्लक राहिलेली वस्तू नसते. कोणती भिंत ठेवावी, कोणती पाडावी, कोणत्या सालचा रंग द्यावा, पाहुण्यास प्रथम कोणत्या दारातून आत घ्यावे आणि कोणती खोली शेवटी दाखवावी, हे सर्व कोणीतरी ठरविलेले असते. म्हणजेच अशा घराला कर्ता असतो, रचना असते, आणि काही गोष्टी सांगून काही न सांगण्याची युक्तीही असते. मग जी कसोटी आपण कादंबरीस लावतो ती या घरास का लावू नये? एखाद्या प्रदेशाच्या उद्योगाचा वारसा सांगण्यासाठी म्हणून जे घर राखले जाते, त्याला तर ती अवश्य लावावी.

प्रथम गिरणीची हकिकत. सॅम्युएल ग्रेग हा मूळचा बेलफास्टचा. मँचेस्टरला त्याचे मामा कापडाचा व्यापार करीत. त्यांच्याकडे तो वाढला आणि १७८४ साली त्याने बॉलिनच्या काठी ही गिरणी उभारली. त्या वेळी वाफेचे यंत्र गिरण्यांत रुळलेले नव्हते. आर्कराइटचे सूतकताईचे साचे पाण्याच्या चाकावर चालत, त्यामुळे गिरणीला शहर सोडून नदीच्या शोधात रानात जावे लागे. पाणी मिळाले, पण माणसे मिळेनात. शेतावर राबणारा माणूस घंटेच्या तालावर बारा तास चार भिंतींत कोंडून घ्यावयास तयार नव्हता. शिवाय तुटलेला धागा चपळाईने सांधणे, चालत्या साच्याखाली सरपटत जाऊन कापसाची भुकटी झाडणे, भरलेली बॉबिन काढून रिकामी बसविणे, या कामांना लहान बोटे आणि लहान अंग हवे होते. अशी बोटे फुकट मिळण्याची एक जागा त्या काळच्या इंग्लंडात होती. ती म्हणजे धर्मग्राम.

वाचक येथे क्षणभर थबकतील, आणि त्यांनी थबकावे अशीच आमची इच्छा आहे. इंग्लंडात सोळाव्या शतकात मठ बंद करण्यात आले आणि मठांच्या दारी गोरगरिबांना मिळणारा आसरा नाहीसा झाला. त्यानंतर निराधारांना पोसण्याची जबाबदारी १६०१ च्या कायद्याने धर्मग्रामांवर सोपविण्यात आली. धर्मग्राम म्हणजे तेथे देऊळ आणि भाविक एवढेच नव्हते. तो सरकारी कारभाराचा सर्वांत खालचा घटकही होता. घरमालकांकडून कर गोळा करावयाचा आणि त्यातून अनाथ, विधवा, वृद्ध यांना पोसावयाचे. ज्या घरात त्यांना ठेवीत त्यास वर्कहाउस म्हणत. अनाथ मूल जितकी वर्षे तेथे जेवे तितका कर वाढे. कर वाढला की करदाते कुरकुरत. तेव्हा धर्मग्रामाच्या कारभाऱ्यांनी एक सोपा उपाय शोधला होता: मूल कोणाकडे तरी उमेदवार म्हणून बांधून द्यावे. गिरण्या निघाल्या आणि हा उपाय घाऊक झाला. अशा मुलांना ‘पॅरिश अप्रेंटिस’ असेच नाव पडले. लंडनजवळच्या हॅकनेतून आणि लिव्हरपूलहून मुले स्टायलला आली. मुलाबरोबर धर्मग्राम मालकाला काही गिनी रोख आणि कपड्यांचे जोड देई. म्हणजे मालकाने मूल विकत घेतले नाही. धर्मग्रामाने पैसे मोजून ते घरातून काढले.

मूल पोहोचले की डॉक्टर ते तपासत आणि कामास लायक ठरले की करारपत्र होई. अन्न, वस्त्र, निवारा आणि थोडे शिक्षण यांच्या बदल्यात मुलाने वयात येईपर्यंत गिरणीत राबावे, असा तो करार. ज्याला अक्षरओळख नाही ते मूल सहीच्या जागी फुली काढी.

आता घरात शिरू. राष्ट्रीय वारसा सांभाळणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने हे घर जुन्या वळणावर परत आणले आहे, आणि या कामातील तिची चोखंदळ नजर नाकारता येणार नाही. स्वयंपाकघर आहे, मुलांची शिकण्याची जागा आहे, वर झोपण्याचे दालन आहे. तेथे गवताच्या गाद्यांचे पलंग दाटीवाटीने मांडले आहेत. एका पलंगावर दोन मुले झोपत. सकाळची ओटची लापशी इतकी घट्ट असे की ती मुलांच्या तळहातावर वाढता येई आणि ती हातात घेऊनच मुले गिरणीकडे पळत, असे येथे सांगितले जाते. बागेत त्या काळच्या जातींच्या भाज्या आणि फळे लावलेली आहेत. औषधोपचाराची माहिती आहे, जळवा आहेत. गिरणीचा डॉक्टर पीटर हॉलंड हा मुलांना नियमाने तपासत असे. कारखान्याने स्वतःचा डॉक्टर नेमल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. (हा हॉलंड म्हणजे एलिझाबेथ गॅस्केल या कादंबरीकर्त्रीचा मामा. ‘मेरी बार्टन’ या १८४८ च्या कादंबरीत गिरणगावातील दैन्य तिने ज्या जिव्हाळ्याने रंगविले, त्याचे काही धागे कुटुंबातच असतील काय, असा विचार मनात येतो.)

हे सारे पाहणाऱ्याच्या अंगावर येते, आणि ते यावे अशीच योजना आहे. काचेच्या कपाटात ठेवलेला लाकडी चमचा जे सांगणार नाही ते दोन मुलांचा अरुंद पलंग सांगतो. या बाबतीत घर एखाद्या चांगल्या कथेसारखे आहे; ते वर्णन करीत बसत नाही, वस्तू समोर ठेवते.

परंतु कथेतही एक धोका असतो: वातावरण इतके जिवंत व्हावे की वाचकाने त्यातच रमावे. शाळांतील मुलांना येथे जुन्या धर्तीचे कपडे घालून उमेदवारांच्या भूमिकेत फिरविले जाते. मुलांना ते फार आवडते, आणि त्यांनी काही शिकूनच परत जावे याबद्दल आम्हांस शंका नाही. तरीही एक खटकते. जे मूल दुपारी चार वाजता बसमध्ये बसून आईकडे परत जाणार आहे त्याला त्या घरातली थंडी कळेल, लापशीची चव कळेल, पण ज्याला परत जावयाचे नव्हते त्याचे मन कसे कळावे? वेषांतर करून गरिबी समजते हा समज आपल्याकडील स्नेहसंमेलनांतही आहे, आणि तेथेही तो आम्हांस रुचत नाही.

ग्रेग कुटुंबाविषयी घराचा सूर प्रेमळ आहे. तो साफ खोटा म्हणता येणार नाही. ग्रेगची पत्नी हॅना ही शिकलेली, वाचनाची आवड असलेली स्त्री. युनिटेरियन पंथाच्या, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या, सुधारक विचारांच्या घराण्यात ती वाढली होती. तिला तेरा मुले झाली. उमेदवार मुलांच्या शिक्षणात आणि आरोग्यात तिने लक्ष घातले. १८०२ साली पार्लमेंटने उमेदवार मुलांच्या आरोग्याचा आणि नीतीचा कायदा केला. कामाचे तास बारापेक्षा अधिक नकोत, मुलगे आणि मुली यांची निजण्याची जागा वेगळी असावी, एका पलंगावर दोनहून अधिक नकोत, भिंतींना चुना द्यावा, थोडे शिक्षण द्यावे, रविवारी धर्मशिक्षण द्यावे, असे त्यात सांगितले होते. पुष्कळ मालकांनी तो कागदावरच ठेवला. त्यांच्याशी तुलना केली तर स्टायलची मुले बरी होती. मार खाणारी, उपाशी मरणारी मुले इतरत्र होती; येथे नव्हती असे म्हणण्यास आधार आहे.

तो आधार कोठून मिळतो हे मात्र पाहण्यासारखे आहे. १८०६ साली जोसेफ सेफ्टन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आणि थॉमस प्रीस्टली नावाचा तेरा वर्षांचा मुलगा असे दोघे स्टायलहून पळाले आणि लंडनच्या बाजूस पोहोचले. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. तेथे मॅजिस्ट्रेटपुढे त्यांच्या जबान्या झाल्या, आणि त्या शिल्लक आहेत. निजावयाची जागा स्वच्छ होती, जेवण मिळे, कपडे मिळत, असे त्यांनी सांगितले. तक्रारीचा सूर त्यांत जवळजवळ नाही. प्रीस्टलीचे बोट यंत्रात सापडून गेले होते. तो पळाला तो आईला भेटावयाचे होते म्हणून.

ग्रेगच्या घराची बाजू मांडणारे लोक या जबान्यांचा पुरावा म्हणून उपयोग करतात: पाहा, पळून गेलेली मुलेसुद्धा मालकाला नावे ठेवीत नाहीत! आमचे वाचन वेगळे आहे. अन्न चांगले होते, गादी चांगली होती, तरीही तेरा वर्षांचे पोर एक बोट गमावल्यावर तीनशे किलोमीटर चालून आईकडे जाऊ पाहते, याचा अर्थ असा की त्याला जे हवे होते ते अन्नात आणि गादीत नव्हतेच. मालकाच्या दयेचे मोजमाप लापशीच्या घट्टपणावरून करता येते. मुलाच्या गरजेचे येत नाही. तीस वर्षांनी, १८३६ साली, लिव्हरपूलहून आलेली एस्थर प्राइस ही मुलगी अशीच पळाली. परत आल्यावर तिला घराच्या माळ्यावरील खोलीत एकटीला कोंडून ठेवण्यात आले. ज्या घरात छडी वापरली जात नसे त्या घरात हे घडले. एस्थरची कथा येथे आता आवर्जून सांगितली जाते; २०१३ साली इंग्लंडात दूरदर्शनवर झालेल्या ‘द मिल’ या मालिकेनेही ती घरोघरी नेली. हे चांगले झाले. आमच्या मते संपूर्ण घरात माळ्यावरील ती जागा सर्वांत प्रामाणिक आहे, कारण तेथे दया आणि सत्ता यांमध्ये पडदा नाही.

उमेदवारांची पद्धत १८४७ साली येथे संपली. गिरणी पुढेही चालत राहिली. १९३९ साली ग्रेगच्या वंशजाने ही सर्व मालमत्ता नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली. १९५९ साली गिरणीतील उत्पादन थांबले आणि काही वर्षांनी तेथे संग्रहालय झाले. एक गोष्ट अशी की दीर्घकाळ पाहुण्यांना गिरणी आणि मुलांचे घर एवढेच पाहावयास मिळे. गिरणीस जवळजवळ लागून असलेले ग्रेगचे राहते घर आणि गावातील कामगारांचे एखादे घर उघडण्याचे काम अगदी अलीकडे, २०१८ पर्यंत, पूर्ण झाले. आमच्या दृष्टीने या साऱ्या जतनकार्यातील सर्वांत मोलाची पायरी हीच. मुलांचे घर एकटे असताना ती एक करुण कथा होती. तीन घरे एकत्र आली आणि तिचा इतिहास झाला.

कारण उद्योगाचा वारसा यंत्रांत नसतो, तो अंतरांत असतो. मालकाच्या दिवाणखान्यापासून गिरणीचे दार किती पावलांवर? गिरणीपासून मुलांचे घर किती? तेथून ओक कॉटेजेस या कामगारांच्या ओळीपर्यंत किती? या ओळीतील प्रत्येक घरात मोठे कुटुंब, वर भाडेकरू, आणि तळघरात आणखी एक बिऱ्हाड. घर मालकाचे, भाडे मजुरीतून कापले जाणारे. दुकान, शाळा आणि प्रार्थनामंदिर मालकाच्याच पैशांतून उभे राहिलेले. पोट, पाठ आणि आत्मा यांची सोय एकाच खतावणीत. पायी हिंडणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, कळते. केवळ मालकाचा वाडा राखणारी स्थळे जगात पुष्कळ आहेत. तेथे झुंबरे दिसतात, चित्रे दिसतात, आणि ही संपत्ती जणू छतातून ठिबकली असे वाटून माणूस घरी जातो. स्टायलला तसे वाटण्यास जागा नाही, हे या स्थळाचे खरे यश.

मग उणे काय? दोन गोष्टी.

पहिली गोष्ट आता पुष्कळांना ठाऊक आहे. ग्रेग कुटुंबाचा वेस्ट इंडीजमधील डॉमिनिका बेटावर हिल्सबरो नावाचा उसाचा मळा होता आणि तो गुलामांच्या श्रमांवर चाले. वारशाने तो सॅम्युएलकडे आला. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली ती मालकांना, आणि ती घेणाऱ्यांत सॅम्युएलचा मुलगा थॉमस होता. गुलामांना काही मिळाले नाही. गिरणीत येणारा कापूसही बहुतांशी गुलामांनीच वेचलेला. नॅशनल ट्रस्टने २०२० साली आपल्या ताब्यातील वास्तूंचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध सांगणारा अहवाल काढला, त्यात क्वॉरी बँकही आहे. त्या अहवालावरून इंग्लंडात मोठे वादळ उठले. सुट्टीच्या दिवशी बाग पाहावयास येणाऱ्या माणसाला हे कशाला सांगता, असा काहींचा रोख होता. आम्हांस हा आक्षेप मुळीच पटत नाही. हॅनाच्या दिवाणखान्यातील चहात जी साखर पडे ती कोठून येई, हे न सांगता तिच्या सुसंस्कृतपणाचे कौतुक करणे म्हणजे पुस्तकाची सम पाने वाचून अभिप्राय देणे होय. मात्र अडचण खरी आहे: हजारो किलोमीटर दूर असलेला मळा घर कसा दाखवणार? पलंग मांडता येतो, मळा मांडता येत नाही. येथे वस्तू अपुऱ्या पडतात आणि कागद बोलू लागतात. जतनकर्त्यांनी भिंतीच्या रंगाइतकेच हिशेबाच्या वहीकडे लक्ष पुरविले पाहिजे.

दुसरी उणीव आमच्या अधिक जिव्हाळ्याची आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. हे घर जेथे सुरू होते तेथे मूल अगोदरच येऊन पोहोचलेले असते. दार उघडले की स्वयंपाकघर. ज्या दारातून ते बाहेर काढले गेले ते दार या कथेत नाही, आणि असणारही कसे? ते दार हॅकनेत होते, लिव्हरपूलमध्ये होते. त्यामुळे पाहुण्याचा सारा राग आणि सारे कौतुक एका ग्रेगच्या वाट्याला येते. तो क्रूर होता की दयाळू, यावर वाद घालीत माणसे घरी जातात. ज्या सभेत चार प्रतिष्ठित गृहस्थांनी बसून, कराचा आकडा पाहून, ‘या मुलीला पाठवून द्या’ असे ठरविले, ती सभा सुटते. ते गृहस्थ काही दुष्ट नव्हते. दर रविवारी ते देवळात पुढच्या बाकावर बसत असतील. अनाथांची सोय लागली, त्यांना हुन्नर मिळेल, चार घास मिळतील, असे त्यांना मनापासून वाटलेही असेल. त्या काळी इंग्लंडात जन्माची सरकारी नोंद नव्हती. ती १८३७ साली सुरू झाली. मुलाचे वय सांगणारा विश्वासू कागद म्हणजे देवळातील बाप्तिस्म्याची नोंद. ज्या वहीत मुलाला देवाचे लेकरू म्हणून लिहिले, त्याच धर्मग्रामाच्या दुसऱ्या वहीत ते खर्चाच्या बाजूस लिहिले गेले. या दोन वह्या एकमेकींशेजारी उघडून ठेवल्या तर स्टायलचे घर पुरे होईल.

ही मंडळी प्रॉटेस्टंट होती, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली होती, त्यांच्याशी आमचा काय संबंध, असे म्हणणे सोपे आहे. परंतु दान आणि सुटका यांतील रेघ किती पुसट असते हे कोणत्याही धर्मग्रामाला ठाऊक असते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. मुलांची शरीरे आणि मने पुरती पक्व होण्यापूर्वी त्यांना कारखान्यात घालू नये, असे त्यात बजावले आहे. ते येईपर्यंत गिरण्यांचे शतक उलटून गेले होते. योगायोग असा की त्याच १८९१ साली हिंदुस्थानातील कारखान्यांचा कायदा सुधारला गेला आणि कामास घेण्याच्या मुलाचे किमान वय सातावरून नऊवर आले. सातावरून नऊ! म्हणजे स्टायलची कथा संपली तेव्हा आपल्याकडे ती रंगात आली होती.

आणि ती एकाच धाग्याची कथा होती. लँकेशायरच्या परिसरात जे साचे बनत तेच बोटीने मुंबईस येत. अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाने मुंबईत काय काय झाले ते सर्वविदित आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांतही धागा सांधणारी लहान बोटे होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चळवळ केली तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वारी स्टायलची मुले रांगेने देवळात नेली जात, तो वार मुंबईच्या कामगाराला झगडून मिळवावा लागला.

या गिरणगावाचे आपण काय राखले? १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. जागेवर मॉल आले, मनोरे आले. कोठे एखादे धुराडे शोभेला ठेवले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचा बेत आहे. त्यात यंत्रे असतील, कापडाचे नमुने असतील, पाण्यावर दिव्यांचा खेळही असेल. आमचे म्हणणे एवढेच की धुराड्याला दार नसते. त्याच्या आत शिरता येत नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर बांधलेल्या चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तेथे पाळीप्रमाणे माणसे निजत. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे. खानावळ चालविणाऱ्या बाया दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांचेच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. नारायण सुर्वे हे रस्त्यावर टाकलेले मूल. एका गिरणी कामगार जोडप्याने त्यांना उचलले, घरी नेले, आपले नाव दिले. स्टायलच्या घराला याहून लख्ख उत्तर कोणते? येथे अनाथ पोराला धर्मग्रामाने गिरणीकडे धाडले नाही. गिरणीतल्या माणसानेच त्याला घर दिले. अशी एक खोली, तिच्या मोरीसकट आणि माळ्यासकट, जागच्या जागी राखली असती तर शंभर धुराड्यांचे काम तिने केले असते. त्या चाळी आता पाडल्या जात आहेत आणि रहिवाशांना मोठी घरे मिळत आहेत. मिळालीच पाहिजेत, चाळीच्या प्रेमापोटी कोणाला १६० चौरस फुटांत डांबून ठेवावे असे कोणी म्हणणार नाही. एक खोली म्हणजे चाळ नव्हे.

आमच्या समाजाच्या वाट्याचीही एक वास्तू आहे, आणि तिच्याकडे अद्याप फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. धोबीतलाव आणि माझगाव या भागांत गोव्याच्या गावागावांनी आपापल्या माणसांसाठी ‘कूड’ चालविले. बोटीवर खलाशी, आचारी, वाढपी म्हणून जाणारा गोंयकार कामाची वाट पाहत तेथे राही. भाडे नाममात्र. भिंतीशी नावे घातलेल्या पेट्यांची रांग, आणि समोर गावाच्या आश्रयदात्या संताचा आल्तार. सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी करावयाची, हा नियम. हे घर कोणा मालकाने बांधले नव्हते. गावानेच आपल्या माणसाला परमुलखात पाठविले आणि पाठविताना त्याच्यासाठी एक छप्परही धरून ठेवले. हॅकनेच्या धर्मग्रामाला हे सुचले नाही. काही कूड अजून चालू आहेत, पुष्कळ ओस पडले आहेत, आणि मुंबईत जागेचा भाव काय आहे हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. पेट्या आहेत तोवर त्यांची यादी करावी, पेटीवरील नावांसमोर बोटींची नावे लिहून घ्यावीत, मागे राहिलेल्या बायकांनी किती वर्षे वाट पाहिली तेही विचारावे. हिशेबाच्या वह्या असतील तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी मागून घ्याव्यात, आणि कोणत्या गावाने किती माणसे पाठविली हे त्या वह्यांत पाहावे.